खाल्लेलं फिटलं

हंबीरराव चौगुल्यांच्या नातवाचं जावळ आतापर्यंत तीन वेळा काढून झालं होतं. सगळ्या जगात पोराचं जावळ एकदाच काढतात, पण चिंचखडीत ते निवडणूक बघून निघायचं. पहिलं खरंखुरं, पोरगं वर्षाचं असताना. दुसरं दूध संस्थेच्या वेळी, तिसरं विकास सोसायटीच्या वेळी. आता २००२ साली ग्रामपंचायत लागली, तेव्हा पोरगं पहिलीत जात होतं आणि न्हावी दिसला की उसात पळत होतं. जावळ म्हटलं की बकरी पडणार आणि बकरी पडली की गाव जेवणार. घरचं कार्य म्हटल्यावर त्याला निवडणुकीचा खर्च कोण म्हणणार? खर्चाच्या सरकारी कागदावर हंबीरराव 'चहा' एवढाच शब्द लिहायचे आणि खाली झोकात सही ठोकायचे.

अशा जावळांवर विरूपाक्षचं घर चालत होतं. गावात व्हिडिओ कॅमेरा त्याच्या एकट्याकडं, आणि केबलही त्याचीच. पुढच्या खोलीत एक टीव्ही, दोन व्हीसीआर, छपरावर छत्री, असा 'सौंदर्या केबल'चा संसार. नाव थोरल्या मुलीचं. दोनशे साठ घरांत त्याची वायर गेली होती. रोज संध्याकाळी सातला तो गावचं चॅनेल लावायचा. कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, कुणाची म्हैस हरवली, सगळं त्यावर. लोक बातम्या चुकवतील, पण हे चुकवायचे नाहीत.

या वेळी मात्र त्याची बायको रुद्राणी स्वतःच निवडणुकीला उभी होती.

झालं असं, की दोन नंबर वॉर्डात नळाला पाणी यायचं आठवड्यातून दोनदा, पहाटे साडेतीनला, आणि तेही वीस मिनिटं. पाणी सोडायच्या व्हॉल्व्हची चावी हंबीररावांच्या सोप्यात खुंटीला अडकवलेली असायची. रुद्राणी एकदा ती मागायला गेली. हंबीरराव पान लावत म्हणाले, "चावी पायजे व्हय? मग निवडून या की."

त्यांनी चेष्टा केली होती. वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला आणि रुद्राणी दुसऱ्याच दिवशी फॉर्म भरून आली. निशाणी मिळाली कपबशी. अनामत भरली, हजार पत्रकं छापली आणि घरातले पैसे संपले. तिच्यासमोर एकीकडं हंबीररावांच्या मंडळी चिमणाबाई, दुसरीकडं आकाराम पाटलांच्या मंडळी तानाबाई. दोन्हीकडं पैशाला तोटा नव्हता. रुद्राणी दारोदार फिरायची तेव्हा लोक म्हणायचे, "बाई चांगली हाय." चांगली हाय म्हणजे पडणार हाय, एवढं राजकारण विरूपाक्षला कळत होतं.

आणि त्याला ते लागत होतं. बायको पहाटे कळशी घेऊन उठायची, तेव्हा तिच्या पायाला भेगा पडलेल्या त्याला दिसायच्या. ती निवडून यावी असं त्याला मनापासून वाटत होतं. फक्त बकऱ्यांपुढं कपबशीचं काय चालणार, हे त्याला समजत नव्हतं.

बरं, नुसतं जेवणावर भागलं असतं तर लोकांनी जेवून ढेकर दिली असती आणि मत हवं तिथं टाकलं असतं. पण चिंचखडीची माणसं अन्नाला भिऊन होती. ज्याचं खाल्लं त्याला जागायचं, हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं. त्यात हात धुऊन झाले की बिरोबाचा भंडारा पुढं यायचा. हळदीची ती चिमूट हातात धरून, "मत तुमालाच" असं म्हणायचं. भंडारा उचलून शब्द मोडला तर म्हैस आटते, असा समज. आटलेली म्हैस कुणाला परवडते?

हंबीररावांनी विरूपाक्षला बोलावलं. तो बिचकतच गेला.

"बुधवारी मळ्यात जावळ हाय. शूटिंग करायचं. समद्या पंगती आल्या पायजेत, आन दुसऱ्या दिशी केबलवर लावायचं. गावाला कळू दे किती माणूस जेवलं ते."

"दादा, पण आमची मंडळी तुमच्या इरोधात हुबी हाय न्हवं?"

"हुबी ऱ्हाऊ दे की. धंदा धंद्याच्या जागी. तिच्यापायी मी काय कोल्हापुरातनं कॅमेरा आणू व्हय?"

रुद्राणीला ते आपला विरोधकसुद्धा समजत नव्हते. घरी आल्यावर विरूपाक्षनं हे सांगितलं, तेव्हा ती भाकरी थापता थापता थांबली. मग म्हणाली, "घ्या की ऑर्डर. पर बुधवारचं लगेच लावू नगा. म्हणावं, कॅसेटची जुळणी कराया चार दिस लागत्यात. तवर आकारामबी बोलावतोय बघा तुमाला."

तसंच झालं. बुधवारी मळ्यात विरूपाक्षनं बांबूला हॅलोजन बांधला, खांद्यावर कॅमेरा घेतला आणि लग्नात फिरायचा तसा फिरला. सवयच ती. पंगतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जायचं, एकही तोंड सुटता कामा नये, नाहीतर नंतर लोक भांडतात. लोकांनाही सवय होती. कॅमेरा आला की तांबड्या रश्श्याची वाटी वर धरायची, मिशा पुसायच्या, शेजाऱ्याला कोपरानं ढोसून पुढं व्हायचं. "आमचं आलं का रं?" असं दहा जणांनी विचारलं. भंडारा पुढं आला तेव्हा मात्र हंबीररावांनी हातानं खूण केली आणि विरूपाक्षनं कॅमेरा बंद केला.

गोठ्याच्या पलीकडं माळकऱ्यांची आणि लिंगायतांची शाकाहारी पंगत होती. तिथं पुरी आणि बासुंदी. तिकडं उजेड कमी होता. विरूपाक्षनं लांबूनच कॅमेरा फिरवला आणि गेला घरी.

बुधवारच्या जेवणाची चर्चा ऐकून आकाराम पाटलांनी म्हसोबाची जत्रा दोन महिने अलीकडं ओढली. देवाची काही हरकत नसावी. रविवारी त्यांच्याकडं दोन पंगती जास्त उठल्या आणि "त्यांच्यापरास जादा दिसलं पायजे" अशी विरूपाक्षला ताकीद मिळाली. तिथंही गोठ्यापलीकडं बासुंदी होतीच.

सोमवारी रुद्राणीनं तिचा बेत सांगितला. "दोन्ही जेवणं एकाच दिशी लावायची. आधी दादांचं, मग पाटलांचं. मधी गाणं न्हाय, जाहिरात न्हाय. आन एकबी तोंड कापायचं न्हाय."

"त्यानं काय हुतंय?"

"लोकांला लोकं दिसतील."

विरूपाक्षला मुद्दा कळला आणि त्यानं मांडीवर थाप मारली. दोन्ही यजमानांना सांगितलं, मंगळवारी सातला तुमचं जेवण केबलवर. दुसऱ्याचंही आहे हे ऐकून दोघेही खूश झाले, कारण आपलंच मोठं दिसणार याची दोघांनाही खात्री होती.

मंगळवारी दुपारी नवरा-बायको दोन्ही कॅसेटी तपासायला बसले. हसून हसून त्यांची पुरेवाट झाली. बुधवारी हंबीररावांच्या मळ्यात पहिल्या पंगतीला बसलेला मावळत्या सरपंचांचा मेहुणा रविवारी आकाराम पाटलांकडंही पहिल्याच पंगतीला. टोपी तीच, पालथी मांडी तीच. धोंडुबाई, जी रुद्राणीला "तुझ्याशिवाय कुणाला देतोय मत" म्हणाली होती, ती दोन्हीकडं नळी चोखत होती. गोठ्यापलीकडची पंगत आली तशी रुद्राणी पडद्याजवळ सरकली.

"जरा मागं घ्या."

विरूपाक्षनं मागं घेतलं. अंधुक उजेडात, धोतर-टोपीतला एक म्हातारा वाटी तोंडाला लावून बासुंदी पीत होता. गळ्यातलं शिवलिंग पुढं लोंबत होतं. ते त्याचे वडील होते, शिवशरण अप्पा. रविवारच्या कॅसेटमध्येही होते, आणि तिथं त्यांनी वाटी दुसऱ्यांदा पुढं केली होती.

अप्पांचा शब्द गावात चालायचा. भांडणं त्यांच्या कट्ट्यावर मिटायची. वरतून त्यांना साखरेचा आजार. रुद्राणी त्यांच्या चहात साखरेचा दाणा पडू देत नव्हती आणि बुधवारी, रविवारी ते "मठात भजनाला जातो" म्हणून गेले होते.

"दीड मिनिटाचं काम हाय," विरूपाक्ष म्हणाला. "दोन्हीकडचं एवढंच काढतो."

"आन धोंडुबाईचं ठेवता?"

"धोंडुबाई माझा बाप हाय काय?"

रुद्राणीलाही ते काढून टाकावंसं वाटत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. सुनेविरुद्ध सासरा जेवला म्हटल्यावर गाव फिदीफिदी हसणार, आणि कपबशी तिथंच फुटणार. पण एक तोंड कापलं की दुसरं का नाही कापलं, हे लोक विचारणारच. विरूपाक्षनं बटणावर बोट ठेवलं आणि तसाच बसून राहिला.

एवढ्यात मागून आवाज आला. "दोन्हीकडं घावलोय काय?"

अप्पा दारात उभे होते. पडद्यावर त्यांचीच वाटी तोंडाला लागून थांबलेली होती. अप्पा आत आले, खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बासुंदीचा मोह झाला बघ पोरी," ते रुद्राणीला म्हणाले. "वरीस झालं, जिभंला गोड न्हाय. जेवून उठलो तर हंबीरराव म्हणाला, अप्पा, तुमाला भंडारा न्हाय, फकस्त खाल्ल्या अन्नाला जागा. आकारामबी त्येच म्हणाला. आता दोघांच्या अन्नाला कसं जागू? आन घरात तू. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाय माझ्या."

रुद्राणीला राग आला होता तो साखरेचा, पण म्हाताऱ्याचा उतरलेला चेहरा बघून तिनं पडद्यावरची वाटी बंद केली. "काढून टाकतोय आमी अप्पा," ती म्हणाली.

"काढू नगंस. माझं काढलंस तर गावाचं दाखवायचा तुला अधिकार न्हाय." अप्पांनी टोपी डोक्यावर चढवली. "सातला आधी मला बोलू दे."

सातला अख्खी चिंचखडी टीव्हीपुढं होती. पडद्यावर पंगतीऐवजी अप्पा दिसले, मागं केबलच्या खोलीचा निळा पडदा.

"राम राम मंडळी. आता तुमाला दोन जेवणं दिसतील. दोन्हीत मी हाय, बासुंदी खाताना. घरात चोरून गेलतो. सुनंनं मला साखर बंद केलीया, म्हणून. दोघांनी मला सांगितलं, अन्नाला जागा. दोन दिस इचार केला. जागायचं म्हंजे काय? पावण्याकडं जेवलो तर आपण त्याला घरला बोलावून जेवू घालतो. त्याला आपलं शेत लिहून देत न्हाय. जेवणाचं उपकार जेवणानंच फिटत्यात. उद्या सकाळी माझ्या घरात पुरणाची होळगी हाय. हंबीरराव, आकाराम, दोघंबी या. जेवा. मग मी मोकळा. मत मी कुणाला देणार ते माझं मी बघीन."

आणि मग पंगती सुरू झाल्या.

पहिली पाच मिनिटं गाव नुसतं हसलं. मग मोजायला लागलं. पोस्टमननं म्हणे पाटीवर रेघा मारल्या. दोन्हीकडं जेवलेली माणसं भरली एकशे सत्तेचाळीस. घराघरांत बायका नवऱ्यांना विचारत होत्या, "रविवारी हातकणंगल्याला गेलता न्हवं तुमी?" हंबीरराव पाय हलवत बघत होते. आपल्या माणसांची तोंडं आकारामच्या मांडवात एकेक दिसायला लागली, तसा त्यांचा पाय थांबला. त्यांनी फोन फिरवला.

"विरू, बंद कर त्ये."

"तुमचीच ऑर्डर हाय न्हवं, दादा. समद्या पंगती आल्या पायजेत म्हणालता."

"त्या आकारामचं बंद कर."

"ती त्यांची ऑर्डर हाय."

पलीकडून रिसीव्हर आदळला. विरूपाक्षनं हसत फोन ठेवला.

बुधवारी सकाळी होळगी झाली. दोघांपैकी कुणीही आलं नाही. अप्पांनी अकरा वाजेपर्यंत वाट बघितली, मग होळगी दोन डब्यांत भरली आणि काठी टेकत स्वतःच आधी हंबीररावांच्या वाड्याकडं निघाले. विरूपाक्ष कॅमेरा घेऊन मागोमाग गेला. दार चिमणाबाईंनी उघडलं. दारात आलेलं अन्न कोण परतवतं? त्यांनी डबा घेतला, रिकामा केला आणि रिवाजाप्रमाणे, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून, त्यात गुळाचा खडा टाकला.

अप्पांनी डबा उघडून बघितला. "चिमणाबाई, हे पुन्हा चढलं की माझ्यावर."

चिमणाबाईंना हसू आवरेना. त्यांनी खडा परत काढून घेतला. "ऱ्हाऊ दे अप्पा. तुमाला साखरंचा आजार हाय, म्हणून घेतला म्हणीन मी."

समोरच आपल्या घराच्या कट्ट्यावर धोंडुबाई हे सगळं बघत होती. कालपासून ती कट्ट्याखाली उतरली नव्हती, कारण तिनं दोन्हीकडचा भंडारा उचलला होता आणि तिच्या दारात एकुलती एक म्हैस गाभण होती. अप्पा दुसरा डबा घेऊन पाटलांकडं निघाले तसं तिनं त्यांना अडवलं.

"अप्पा, आसं फिटतंय व्हय? भंडारा उचलला असला तरी?"

"बिरोबा काय हंबीररावाचा गडी हाय? खाल्लंस त्येवढं परत कर आन देवाला सांग, फिटलं म्हणून."

धोंडुबाई घरात गेली. पाव तासानं बाहेर आली ती हातात फडकं घेऊन. फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा. भांडं तिनं मुद्दाम आणलं नव्हतं. भांडं दिलं की त्यात काहीतरी पडून परत येणार आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चिमणाबाईंच्या हातात भाकरी ठेवल्या, फडकं झटकून खांद्यावर टाकलं आणि म्हणाली, "गेल्या बुधवारचं खाल्लेलं फिटलं बगा वैनी." मग त्याच पावली आकाराम पाटलांच्या गल्लीला वळली.

दुपारपर्यंत रांग लागली. कुणी दोन भाकरी, कुणी चार, ज्याच्या घरात जेवढी माणसं जेवली त्या हिशेबानं. सगळ्या फडक्यात. सरपंचांचा मेहुणासुद्धा आला, टोपी तीच. "फिटलं" म्हणायचं आणि जायचं. हंबीररावांच्या सोप्यात परातीवर परात भरली. खुंटीला पाण्याची चावी, आणि तिच्याखाली भाकरींचा ढीग. हंबीरराव आतल्या खोलीतून बाहेरच आले नाहीत. त्यांच्या गड्यांनी, गुरांनी दोन दिवस भाकरीच खाल्ल्या. विरूपाक्षनं शेवटच्या फडक्यापर्यंत सगळं घेतलं आणि संध्याकाळी सातला लावलं.

आता चिंचखडी एका दिवसात सुधारली असं कुणी समजू नये. काहींनी भाकरीही दिली आणि मतही दिलं. काहींनी भाकरी न देता मत दुसरीकडं टाकलं आणि त्यांच्या म्हशी ठणठणीत राहिल्या. पण मतपेट्या फुटल्या तेव्हा कपबशीची एकशे नव्वद मतं निघाली, चिमणाबाईंची एकशे एकाहत्तर आणि तानाबाईंची त्याच्याही खाली. एकोणीस मतांनी रुद्राणी निवडून आली. विरूपाक्षला कॅमेरा धरता येईना, डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यामुळे गावातल्या त्या एकाच कार्यक्रमाचं शूटिंग हललेलं आहे.

हंबीररावांच्या नातवाचे केस मात्र त्यानंतर सुखानं वाढले.

संध्याकाळी लोक दारात जमले. जिंकलं म्हणजे काहीतरी पाहिजेच. रुद्राणीनं चूल पेटवली आणि चहा केला. कपबशीत, निशाणीचा मान म्हणून. अप्पांचा बिनसाखरेचा, बाकीच्यांचा साखरेचा. दोन नंबर वॉर्ड तिच्या अंगणात बसून फुरके मारत होता. धोंडुबाईनं दोन कप घेतले. विरूपाक्षला वाटलं, झालं, आता सगळे आपले. बायकोच्या बाजूला उभं राहून तो पहिल्यांदाच पुढाऱ्याच्या नवऱ्यासारखा हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. रुद्राणीनं उघडलं. पायरीवर धोंडुबाई उभी होती, आणि तिच्यामागं गल्लीतल्या आठ-दहा बायका. प्रत्येकीच्या हातात कागदाची एकेक पुडी. धोंडुबाईनं आपली पुडी रुद्राणीच्या ओंजळीत ठेवली. आत मूठभर चहापावडर आणि साखर होती.

"कालच्या दोन कपांचं फिटलं," ती म्हणाली. "आता पाणी कवा सोडतीस त्ये सांग."

रुद्राणीनं विरूपाक्षकडं बघितलं. मग पुडी आत ठेवली, पदर खोचला आणि हंबीररावांकडून चावी आणायला निघाली.